वाढत्या अंगाची होडी

भाऊजी, तुमची होडी मी बैठकीत फरशीवर पसरून ठेवली आहे आणि माझ्या हातात अर्धं ब्लेड आहे. लगेच रागावू नका. आधी ऐकून घ्या, मग काय ते बोला. आता तुम्ही कुठून बोलणार म्हणा, पण तुम्हाला बोलायला लावायची माझी खोड इतक्यात जायची नाही.

झालं असं, की परवा तुमचा तेरावा झाला आणि पाहुणे पांगले. पल्लवी तेवढी थांबली आहे. लेकींना आईचं घर आवरल्याशिवाय चैन पडत नाही. आज सकाळी तिने तुमच्या पलंगाखालून ती लांबडी पिशवी ओढून काढली आणि म्हणाली, "आई, काकांची नाव कोणाला तरी देऊन टाक ना. मतलब, अब चलाएगा कौन?" मी तोंड उघडायच्या आत गच्चीतून, आरामखुर्चीतून, तुमच्या दादांचा आवाज आला. "कोणाला नाही द्यायची." मग जरा वेळाने, जेवताना मीठ मागावं तसं, मला म्हणाले, "मला बसेल का बघ."

ऐकलंत? दोन दिवाळ्या उलटल्या, या माणसाने होडी म्हणून शब्द काढला नाही. आणि आज म्हणे मला बसेल का बघ, जसा काही सदराच आहे.

ती त्यांना बसणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तुम्ही ती एका माणसाची केलीत, आणि तो माणूस म्हणजे तुम्ही, काटकुळे. तुमच्या दादांचा देह तिच्यात घालायचा तर एकच वाट आहे. दोन्ही बाजूंना मी आत दुमडून शिवलेलं कापड आहे ना, तो दाब, तो उसवायचा. ज्याच्यावरून तुमचं-माझं भांडण कधी मिटलंच नाही, तोच. आणि उसवून जमलं नाही तर जुन्या टाक्यांची भोकं राहणार, त्यांतून पाणी येणार, आणि तुमच्या हातची मागे राहिलेली ही एवढी एक वस्तू माझ्या हातून फुकट जाणार. म्हणून ब्लेड धरून नुसती बसले आहे. पल्लवी दोनदा डोकावून गेली. तिला वाटतंय आईचं काही बिनसलं.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वहिनी, टेन्शन नका घेऊ." तुम्हा ग्वाल्हेरकरांचं मराठी. साताऱ्याहून लग्न होऊन आले तेव्हा पदराआड हसायची मी. "मला हे चांगलं नाही लागत," "दादा नाराज होऊन गेला." मनात म्हणायची, कुठल्या मुलखात पडले मी. आणि तुम्ही तेव्हा कॉलेजातले, मिसरूड फुटलेले, मला टोपी बाजारात घेऊन गेलात. बटणं आणि दोऱ्याची रिळं घ्यायची होती. दुकानाच्या पायरीशी म्हणालात, "आज तुम्ही बोलायचं. मी मुका." मला हिंदी म्हणजे शून्य. दुकानदार आपला तुमच्याकडे बघून भाव सांगतोय आणि तुम्ही पिशवी धरून, मान हलवून, माझ्याकडे बोट दाखवताय. माझ्या कपाळाला घाम फुटला. कशीबशी रिळं घेऊन आले. घरी येऊन तुम्ही सासूबाईंना सांगितलंत, "वहिनीने दुकानदाराला पाणी पाजलं." धादांत खोटं. त्याने मागितले तेवढे देऊन आले होते मी. पण त्या एका खोट्यावर मी या घरात ताठ मानेने चालायला लागले, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

लग्न तुम्ही केलं नाहीत. कारण मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात आयुष्यभर धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढलेत, आणि स्वतः कधी घोट्याच्या वर पाणी लावून घेतलं नाहीत. रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, नाहीतर शेजाऱ्यांना औषधं सुचवतात. तुम्ही माझी कणकेची परात पळवलीत. घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापून, दुमडून होड्या करायच्या आणि परातीत पाणी भरून सोडायच्या. मी पोळ्यांना बसले की परात गायब. एकदा छत्रीच्या काड्यांची होडी केलीत, ती बादलीत सोडल्या सोडल्या आपोआप मिटली. तुम्ही इतके गंभीर होऊन बघत होता, की मला हसू दाबता येईना. "छत्रीचा स्वभावच मिटायचा," तुम्ही म्हणालात. "तिचा काय दोष."

तुमच्या अटी तीन. खासगी बाजारातल्या आपल्या या चिंचोळ्या जिन्यातून ती खाली गेली पाहिजे, जिथून माझं कपाटसुद्धा कधी चढलं नाही. स्कूटरवर बांधता आली पाहिजे. आणि तुम्हाला एकट्याला उचलता आली पाहिजे. तुमचे दादा गच्चीतल्या खुर्चीतून ओरडायचे, "नळाला पाणी एक दिवसाआड, आणि आमचा बाळ्या नाव बांधतोय!" ग्वाल्हेरात होडी म्हणजे वाळवंटात जहाज हाकण्यातलाच प्रकार, हे काही खोटं नव्हतं. पण गंमत अशी की तुमचं अडलेलं घोडं सुटलं ते त्यांच्या त्या खुर्चीपाशीच. एक दिवस ते जेवायला उठले आणि तुम्ही खुर्ची मिटून, उघडून, मिटून, उघडून बघत राहिलात. चार लाकडं, एक कापड, आणि मागे खाचा. हव्या त्या खाचेत दांडी अडकवली की खुर्ची तेवढी कलते. मला हाक मारलीत. "वहिनी, हे कापड दादाला पेलतं. मग पाण्यात मला नाही पेलणार?"

मग ती झाली. लांबीला बांबूचे तुकडे, एकात एक खुपसायचे. मध्ये पाच फासळ्या, कात्रीसारख्या उघडणाऱ्या. प्रत्येक फासळीवर एक आडवी पट्टी आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना भोकात लाकडी खुंटी. खुंटी मारली की फासळी ताठ, काढली की मिटली. सगळ्याला बाहेरून कापडाचं अंगडं. कापड टेंट हाउसमधल्या जुन्या तंबूचं, हिरवं, जाड. आणि शिवणार कोण, तर वहिनी.

इथे माझी चूक झाली, असं तुमचं म्हणणं. माझं म्हणणं, चूक नव्हतीच. सगळा जन्म शाळेचे युनिफॉर्म शिवण्यात गेला माझा. त्या हाताला एकच गोष्ट ठाऊक आहे, की मूल वाढतं. तुम्ही माप दिलंत, मी कापड बेतलं, आणि हात आपला सवयीने दोन्ही अंगांना जास्तीचं सोडून मोकळा झाला. तुम्ही सांगाड्यावर चढवलंत तर ते झग्यासारखं लोंबायला लागलं. तुम्ही एकदा होडीकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे.

"वहिनी, ही शाळेत जाणार आहे का? पुढल्या वर्षी उंच होणार आहे?"

मला इतका राग आला. "कोणाला ठाऊक, होईलही."

"जास्तीचं कापून टाका."

"कापलेलं कापड परत येत नाही, भाऊजी."

मी ते आत दुमडलं, मध्ये चार बोटं आणि टोकांकडे निमुळतं होत दोन, आणि शिवून टाकलं. बाहेरून अंगडं तंग बसलं. पण तुमचं समाधान होईना. वजन वाढतं, दाबात पाणी मुरेल, कापड कुजेल, कापा. आठवड्यातून एकदा तरी तो विषय निघायचाच. मी म्हणायची, शिवणारी मी आहे. कात्री त्याच खणात होती, बरं का. तुम्हाला कोणी धरलं नव्हतं. पण तुम्ही स्वतः कधी कापलं नाहीत, हे मी मनात नोंदवून ठेवलं होतं.

ती शिवण मशीनवर झालीच नाही, सुया तुटायच्या. शेवटी कापड दोरीवर टांगलं, मी आतून, तुम्ही बाहेरून. मी दाभण टोचायची, तुम्ही पलीकडून ओढायचं, पुन्हा माझ्याकडे. दोऱ्याला मेण. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून की काय, त्या दुपारी तुम्ही भरपूर बोलायचात. एकदा म्हणालात, "वहिनी, या घरात मला कधी पाहुणा असल्यासारखं नाही लागलं. ते तुमच्यामुळे." माझा हात थांबला. आणि मी काय म्हटलं असेल? "दोरा ओढा." बस. त्यावर एवढंच सुचलं मला. पल्लवीनंतर या घरात मी कोणाला पोटच्या पोरासारखं जपलं असेल तर ते तुम्हाला, आणि सांगायला त्या दिवशी मधे नुसतं एक कापड होतं.

तिघऱ्याच्या धरणाच्या रस्त्याला आत वळून ते शिंगाड्याचं तळं आहे, तिथे आपण सगळे गेलो तो दिवस तर विसरायचाच नाही. तुम्ही स्कूटरवर, होडी मागे बांधलेली. आम्ही ऑटोत, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन. शिंगाडेवाला काठावर उकिडवा बसून तुमच्या खुंट्या ठोकणं बघत होता. म्हणाला, "बाबूजी, जे खटिया है कि नाव?" तुम्ही म्हणालात, "भैया, अभी तो हमें भी नहीं पता." कमरेला स्कूटरची ट्यूब बांधून तुम्ही बसलात, आणि ती तरंगली. खरंच तरंगली. माझं अंगडं आतून कुठे ओलं झालं नाही. मग तुम्ही शिंगाड्याच्या वेलांत अडकलात, शिंगाडेवाल्याने बांबूने ओढून काढलं, आणि हातात मूठभर शिंगाडे घेऊन, मुंजीतल्या बटूसारखा चेहरा करून तुम्ही काठाला आलात.

तेव्हा तुमचे दादा उठले. चपला काढल्या. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. पाण्याच्या कडेला जाऊन विचारलं, "मी बसू?"

आणि तुम्ही आनंदाच्या भरात बोलून गेलात, "दादा, तुझ्या पोटाला दोन नावा लागतील."

सगळे हसले. तेही हसले. मग चपला घालून ऑटोत जाऊन बसले. घरी येईपर्यंत त्यांचा एक पाय तसाच दुमडलेला होता, पायजमा खाली करायचं त्यांना सुचलं नाही. ते मी पाहिलं, तुम्ही पाहिलं नाहीत.

त्यानंतर तुम्ही दोघं भाऊ चहाला एकत्र, क्रिकेटला एकत्र, डाळ-तांदूळ आणायला एकत्र. पण होडीचा विषय निघाला की त्यांचं वर्तमानपत्र वर. मी तुम्हाला किती वेळा म्हटलं, एकदा बोला त्यांच्याशी. तुम्ही म्हणायचात, "मी मजाक केला होता. त्याला लागलं?"

"लागलं."

"पण हिशेब खरा आहे, वहिनी. तो बसला तर काठ पाण्याला टेकेल. मी खोटं बोललो का?"

"खरं बोललात म्हणूनच लागलं."

मग तेच ठरलेलं, "पाऊस होऊ दे. तळं भरू दे. मग बघू." मला वाटायचं टाळताय. लहानपणापासून थोरल्या भावाच्या सावलीत वाढलेला माणूस, माफी मागायला जीभ वळत नाही, म्हणून पावसावर ढकलतोय. गेल्या साली तळं भरलंच नाही, तेव्हा तर मी चिडून म्हटलं, "ग्वाल्हेरच्या पावसाच्या भरवशावर राहिलात तर जन्म जायचा." आता ते वाक्य तोंडातून काढून घेता आलं तर किती बरं होईल.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तुम्ही मला विचारलंत, "कापड कोरडं आहे ना?" मला वाटलं तापात बोलताय. मी म्हटलं, "आहे हो कोरडं, तुम्ही आधी ते सूप प्या." तुम्ही शहाण्या मुलासारखे प्यायलात. तुमचे दादा पायाशी बसून तुमचे तळवे चोळत होते. दोघं मिळून एक शब्द बोलला नाहीत. त्या खोलीत मला इतका संताप आला होता तुम्हा दोघांचा, की बाहेर जाऊन व्हरांड्यात रडले.

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली नव्हती, भाग्यवान माणूस." सगळ्यांना बरं वाटलं. मी मात्र मनात म्हटलं, कावळ्याला काय कळतंय. एवढी मोठी गोष्ट भावाला सांगायची राहिली आणि म्हणे इच्छा नाही.

बरं. फार बोलले. हे बघा, पहिला टाका कापते आहे. काय व्हायचं ते होऊ दे.

दुपार गेली, भाऊजी. दोन्ही बाजू उसवल्या. आपला टाका सुटता सुटत नव्हता, मेणाने दगड झाला होता. आतलं चार बोटं कापड बाहेर आलं तर अजून गर्द हिरवं, नव्यासारखं. बाकीची होडी उन्हाने विटलेली आणि कडेला ही हिरवी पट्टी. कुठे कुजलं नाही, बघून ठेवा. पण अंगडं मोठं झालं आणि सांगाडा तेवढाच, पुन्हा झगा लोंबायला लागला. कापड सोडायची मला अक्कल, पण फासळ्यांना कोण दाब सोडणार? ब्लेड टाकून दिलं मी. म्हटलं, झालं, घालवली तुमची होडी.

मिटून तरी ठेवावी म्हणून मधल्या पट्टीची खुंटी काढायला गेले. पट्टीवर हात टेकला तर अंगठ्याखाली काही मऊ लागलं. लाकूड मऊ कसं? नखाने खरवडलं तर मेण. सुईने उकरलं तर मेणाची गोळी टपकन बाहेर आली आणि मागे स्वच्छ गोल भोक. खुंटीच्या भोकाच्या बाहेरच्या अंगाला. दुसऱ्या टोकाला हात लावला, तिथेही. मी बोटं ठेवून पाहिली. चार. शेवटच्या पट्टीवर पाहिली. दोन. पाचही पट्ट्यांना, जिथे माझा दाब जेवढा, तिथे तेवढंच.

मेल्याहो, मोजलंत कधी?

आता आठवतं. थंडीत तुम्ही गच्चीत गिरमिट घेऊन बसला होता. मी विचारलं तर म्हणालात, खुंट्या ढिल्या झाल्यात. समोर खुर्चीत तुमचे दादा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांच्या नाकासमोर त्यांच्या मापाची भोकं पाडलीत, मेणाने बुजवलीत, आणि आम्हा दोघांनाही पत्ता लागू दिला नाहीत. त्यांच्याच खुर्चीच्या खाचांसारखी. तळं भरल्यावर काठावर नेऊन दाखवणार होतात ना? तेवढ्यासाठी "पाऊस होऊ दे." आणि आठवड्याला एकदा माझ्याशी भांडत होतात की कापा म्हणून! माझ्याकडून नाहीच म्हणवून घ्यायचं होतं तुम्हाला, मी कापलं नाही याची खात्री करून घ्यायला. हात टेकले मी तुमच्यापुढे. भांडण तुम्ही हरलात, आणि हरलो म्हणून सांगायचं मात्र टाळून गेलात. कावळ्याची मी माफी मागितली.

खुंट्या नव्या भोकांत मारल्या. पाचही फासळ्या उघडल्या, अंगडं तंग बसलं. खाली गादी घातली आणि हाक मारली, "अहो, या. माप द्या."

ते आले, दारात थांबले. मी काही सांगितलं नाही, मेणाची एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांचं बोट धरून जुन्या भोकावरून नव्या भोकापर्यंत नेलं. नकाशे काढणाऱ्याचा भाऊ तो, समजायला वेळ लागला नाही. पट्टीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "मूर्ख आहे. सांगायचं नाही का." होता नाही म्हणाले, आहे म्हणाले.

चपला काढल्या. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, बैठकीत, कोरड्या फरशीवर. पल्लवीने एक हात धरला, मी एक. बसले, भाऊजी. पोटासकट बसले, आणि दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली. दिवाण आणि टीव्हीच्या मध्ये, दोन्ही काठ घट्ट धरून, समोर भिंतीकडे बघत. पल्लवी म्हणाली, "बाबा, कसं वाटतंय?" त्यांनी मलाच विचारलं, "तळं कधी भरतं?"

"पाऊस होऊ दे," मी म्हटलं.

पावसाला अजून अवकाश आहे. तोवर जुन्या टाक्यांच्या भोकांत मेण भरून नवी शिवण घालायची आहे, मी आतून आणि बाहेरून दोरा ओढायला आता ते. तासभर होत आला, ते उठायला तयार नाहीत. चहासुद्धा होडीतच दिला. एवढं सगळं करून ठेवलंत, भाऊजी, पण त्यांना उठवायचं कसं, तेवढं सांगून जायला हवं होतं.